बर्फाची धार ओळखणारी परबकाकी

सकाळी साडेनऊला पवईच्या ऑफिसात मी नुकताच लॅपटॉप उघडत होते, तेवढ्यात परबकाकांचा फोन आला. काका कधी फोन करत नसत, ते खातं काकीचं. मला वाटलं तीच त्यांच्या फोनवरून बोलतेय, आठवण करून द्यायला. त्या दुपारी एक वाजता फिगर स्केटिंगच्या मोठ्या स्पर्धेतली मुलींची अंतिम फेरी होती, आणि मी अर्धी रजा टाकून बोरिवलीला तिच्याकडे पोचणार होते. फोन उचलल्या उचलल्या मी म्हटलं, "हो गं काकी, येतेय! साडेबाराला दारात असेन." पलीकडे काकाच होते. मग काका म्हणाले, "सई, काकी गेली गो... आत्ताच. चहा घेत होती." मी अर्ध्या दिवसाचा रजेचा अर्ज पूर्ण दिवसाचा केला आणि निघाले. त्या दुपारी एक वाजता स्पर्धा सुरू झाली असणार. आमच्यापैकी कुणीही ती पाहिली नाही.

दीड महिना झाला. आता लिहायला बसलेय, आणि खरं सांगते, काकीची आठवण काढली की रडू येण्याआधी हसू येतं आणि अंगात तरतरी येते. सुनंदा परब, वय सहासष्ट, आमच्या शेजारच्या बिऱ्हाडातली. मालवणकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन आली. काका अंधेरीला छापखान्यात होते, ती घरी ब्लाउज शिवायची. सोसायटीतल्या तीन पिढ्यांच्या पाठींची मापं तिला तोंडपाठ होती. बर्फ तिने पाहिला तो कोळणीच्या टोपलीतल्या बांगड्यांवरचा, नाहीतर सरबतातला. आणि ही बाई बर्फावरच्या त्या खेळाची, पात्यांचे बूट घालून संगीतावर घेतलेल्या उड्यांची नि गिरक्यांची, मी पाहिलेली सगळ्यांत कडक जाणकार होती. हसा खुशाल. मीही आधी हसले होते.

मी दहावीत होते. आईच्या ब्लाउजच्या ट्रायलसाठी तिच्याकडे गेले होते, टीव्हीवर कुठलंसं क्रीडा चॅनल लागलं होतं. काकी तोंडात टाचण्या धरून पडद्याकडे बघत उभी. टाचण्या काढून म्हणाली, "ह्या पोरीची पाठ उघडी दिसते ना? उघडी नाय ती. अंगाच्या रंगाची जाळी आहे. आणि काखेत बघ, हात एवढा वर गेला तरी कापड ओढलं नाही. कुणी शिवलंय गो हे?" एवढ्यावरून सुरुवात झाली. पहिलं वर्ष ती फक्त कपडे बघत होती. दुसऱ्या वर्षी तिची नजर घसरून पायांवर गेली, आणि तिथेच राहिली.

तो खेळ समजायला मला इंटरनेटवरचे चार लेख वाचावे लागले. काकीला लागली फक्त नजर. एकदा तिने मला जवळजवळ खेचून टीव्हीसमोर बसवलं. "ही लबाडी करते, थांब, परत दाखवतील." स्केटच्या पात्याला दोन धारा असतात, एक आतली, एक बाहेरची. एका विशिष्ट उडीआधी बाहेरच्या धारेवर तोल ठेवून मागे मागे घसरत यायचं असतं, आणि ते कठीण असतं. "येते बरोबर बाहेरच्या धारेवर," काकी म्हणाली, "आणि उडायच्या आधी हळूच पाऊल आत कलवते. सरळ शिवण घालत यायचं आणि शेवटच्या दोन टाक्यांना कापड सरकवायचं, तसं." मी नेटवर शोधलं. परीक्षकांनी त्याच चुकीचे गुण कापले होते! मी ओरडलेच. काकी मात्र शांतपणे सुईत दोरा ओवत म्हणाली, "मग? माका दिसला ता त्यांकाय दिसला."

तिची मतं मला इतकी आवडायची की मी ती लिहून घ्यायला लागले. ती मराठीत, मध्येच मालवणीत बोलायची, मी इंग्रजीत करून एका परदेशी चाहत्यांच्या मंचावर टाकायचे. नाव ठेवलं होतं 'बोरिवलीची काकी'. उड्यांची संख्या मोजून नाचणाऱ्या लोकांवर तिचा विशेष राग. "उडी म्हणजे हूक. हूक मजबूत पायजेच. पण ब्लाउज काय हुकांसाठी घालतात?" हे वाक्य टाकलं त्या दिवशी मंचावर धमाल उडाली. फिनलंडची एक निवृत्त शिक्षिका दर स्पर्धेनंतर विचारायची, काकी काय म्हणाल्या? दोन उड्यांच्या मधल्या जागेत नुसते हात हलवणारे स्केटर तिला चालायचे नाहीत. "बस थांब्यावर रिक्षाला हात करतोय जसा काय!" आणि एखादा काहीच न करता, एका पायावर, एका लांब वळणात अख्खं मैदान कापत गेला, की तिचे डोळे भरायचे. मला कोपराने ढोसायची. "बघ, बघ... कसा जातो बघ. आवाज तरी आहे का?"

आणि मग माझ्या हातून ते झालं. एका स्पर्धेत सतराएक वर्षांची एक मुलगी, काकीची लाडकी, तीनदा पडली. काकी इतकी चिडली की उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिथून मला सांगितलं, "लिही. पडायचंच होतं तर घरी पडायचं, एवढ्या लांब कशाला आलीस?" मला ते टोचलं. त्या पोरीचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर होता. मी लिहिलं, काकी म्हणतात, दिवस वाईट होता, ही मुलगी परत उभी राहील. कौतुकाचा पाऊस पडला. किती मायाळू काकी! दुसऱ्या दिवशी मी मूर्खासारखे ते अभिप्राय तिला मराठीत वाचून दाखवले.

"मायाळू? मी काय म्हटलेलं?" तिने मशीन थांबवलं.

मी सांगितलं. खरं काय लिहिलं तेही सांगितलं.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "गिऱ्हाइकाने कोपरापर्यंत बाह्या सांगितल्या आणि मी माझ्या मनाने आखूड केल्या, तर ती माझ्याकडे परत येईल का सई? माझं तोंड वाईट असेल. पण ते माझं आहे ना?" त्या मोसमात तिने मला एकही मत सांगितलं नाही. स्पर्धा बघायला दार उघडायची, चहा द्यायची, आणि गप्प बसायची. तीन महिने! फिनलंडची बाई विचारत राहिली, मी उत्तर दिलं नाही.

शेवटी मीच एका रविवारी सकाळी दारात उभी राहिले. म्हटलं, "काकी, चल. बर्फावर जाऊ." उपनगरातल्या एका मॉलमध्ये खऱ्या बर्फाचं मैदान होतं, आमच्या सोसायटीच्या पार्किंगहून जरा लहानच. मला वाटलं होतं ती कठड्याला टेकून बघेल, मुलांच्या चुका काढेल, राग जाईल. पण तिथे पोचल्यावर काकीने बूट भाड्याने देणाऱ्या खिडकीवर स्वतःच्या मापाचे बूट मागितले. आमच्याबरोबर आलेले काका खाली मान घालून म्हणाले, "आता वाट लागली." काकीच्या अंगात स्वतः शिवलेला सलवार कमीज, गुडघ्याला पट्टे, डोक्यावर लहान मुलाचं वाटावं असं हेल्मेट. तिथे शिकवणारी एक मुलगी तिचा हात धरून तिला आत घेऊन गेली. काकीने चार पावलं टाकली. पाचवं टाकताना दोन्ही पाय दोन दिशांना गेले आणि ती धपकन बसली.

मी किंचाळत धावले. शिकवणारी मुलगी तिला उठवायला वाकली, तर काकी तिचा हात बाजूला सारत म्हणाली, "थांब गो, थांब जरा!" ती बर्फावर बसूनच खाली वाकून बघत होती. सकाळपासून त्या मैदानावर किती पाती फिरली होती, त्यांच्या बारीक पांढऱ्या रेघा सगळीकडे उमटल्या होत्या. काकीने हातमोजा काढला आणि एका रेघेवरून बोट फिरवलं. "सई, इकडे ये. हे वळण बघ. ही बाहेरची धार... आणि ही बघ, इथे हिने पाऊल कलवलं, आतली झाली!" तिचा आवाज चढला होता, गालांवर लाली आली होती. चौदा वर्षं पडद्यावर जे ओळखत होती ते आज बोटाखाली होतं. आजूबाजूची पोरं स्केटिंग थांबवून ह्या आजीला बघत होती. मग तिने उठायचा प्रयत्न केला. जमलं नाही. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा कठड्याला धरून, दात आवळून, कुणाचाही हात न घेता ती उभी राहिली, आणि तिथेच हमसून रडायला लागली. मला वाटलं लागलं. "नाय गो, लागला नाय," ती म्हणाली. "ती पोर तीनदा उठली. एवढ्या लोकांसमोर. आणि उठून परत उडी मारली."

परत येताना रिक्षातच मला फोन काढायला लावला. "लिही. आधी मी काय म्हटलेलं ते जसंच्या तसं लिही, लपवू नको. मग लिही, बोरिवलीची काकी आज पाच पावलांत पडली आणि तिला कळलं की ती चुकली. त्या पोरीची माफी मागते. पण तिसऱ्या उडीला खांदा लवकर उघडला, गिरकी पुरी व्हायच्या आधीच, ते मी मागे घेणार नाय." मी अक्षर न अक्षर तसंच टाकलं. काहींनी काकीला शिव्या घातल्या, काही रडले. फिनलंडच्या बाईने फक्त एक ओळ लिहिली, आज मला काकी खरी भेटल्या.

त्यानंतरची दोन वर्षं म्हणजे नुसती मजा. काकी अजूनही कडकच होती, पण आता कुणी पडलं की ती खुर्चीच्या टोकाला येऊन बसायची आणि उठेपर्यंत श्वास सोडायची नाही. तीनदा पडलेल्या त्या मुलीला घोट्याची दुखापत झाली, एक मोसम गेला, आणि ह्या वर्षी ती परत आली होती. काकी गेली त्या दिवशी दुपारी एक वाजता अंतिम फेरीत तीच होती.

परवा रविवारी काकांकडे गेले. म्हटलं, "काका, ती स्पर्धा अजून बघितली नाही मी. लावू का?" काका कधी हा खेळ बघत बसले नव्हते, ते पेपर वाचायचे, आम्ही ओरडायचो. ह्या वेळी ते चष्मा पुसून माझ्या शेजारी बसले. मुलगी मैदानात आली, संगीत सुरू होणार इतक्यात काकांनी रिमोट घेऊन आवाज बंद केला. मी त्यांच्याकडे बघितलं. "तू गेल्यावर संध्याकाळी ती परत बघायची," ते म्हणाले, "असं. आवाज बंद करून. म्हणायची, गाणं पायांच्या चुका झाकतं."

मला हे माहीतच नव्हतं. इतकी वर्षं!

आम्ही बघत राहिलो. खालून भाजीवाल्याची हाक येत होती, वर पंखा फिरत होता. दुसऱ्या उडीला ती पडली, उठली. काकांनी विचारलं, "काय म्हणाली असती गो ती?"

जिभेवर दहा वाक्यं आली. मी ती गिळली. "माहीत नाही काका. मी सांगू का मला काय वाटतं ते?"

"सांग."

"खांदा परत लवकर उघडला."

काकांनी मान हलवली, पण त्यांची नजर पडद्यावरच होती. मुलगी आता मागे मागे येत होती, एका लांब वळणात, एका पायावर, अख्खं मैदान कापत. काका हळूहळू पुढे सरकले, खुर्चीच्या टोकावर आले. ती उडाली... आणि त्या बिनआवाजाच्या खोलीत माझ्या आधी काकाच ओरडले, "गेली, गेली... उतरली!"