मेंढरं ऐकू येणारी झोप

आमचे सासरे चाळीच्या जिन्याशी आले, की वरच्या मजल्यावर आम्हाला वासावरूनच कळायचं. ओल्या लोकरीचा, लेंड्यांचा, चघळलेल्या तंबाखूचा वास. चाळ त्यांना मेंढकेमामा म्हणायची. मीही तोंडावर मामा म्हणायचो आणि तोंड फिरवून श्वास घ्यायचो. मी गिरणीत साच्यावर कापड विणणारा माणूस. शाळा नावाला, पण रोज साबण लावून अंघोळ करणार म्हणजे करणार. साबणाच्या वडीला मामा हात लावत नसत. म्हणायचे, "आंग धुतलं की मेंढरं वळखत न्हाईत."

आमची थोरली जन्मली तेव्हा सासूबाई हयात नव्हत्या, म्हणून बाळंतपण सोलापुरात आमच्याच खोलीत झालं. मामा कळप भावाच्या हवाली करून दुधनीच्या बाजूनं चालत आले. लेकीच्या घरचं पाणीही पीत नसत. खाली नळावर ओंजळीनं प्यायचे आणि नाक धोतराला पुसायचे. 

पोर झोपत नव्हती. मी कोरं पांढरं कापड आणलं, उकळलं, त्यात तिला गुंडाळलं. आई जवळ असली की डोळा लागायचा, आई उठली की आकांत. आणि आईला गिरणीत जाणं भाग होतं, एका पगारात चूल पेटत नव्हती. गिरणीत बायकांवर देखरेख करणाऱ्या नायकिणीनं बजावलं होतं, सोमवारी आली नाहीस तर जागा दुसरीला. वर एक पुडी हातावर ठेवली होती. अफूची बाळागोळी. "दे की, समद्याच देत्यात. सांजंपत्तोर हूं का चूं न्हाई."

त्या समद्यांची पोरं मी रोज बघत होतो. सज्ज्यात पडलेली, तोंडावर माशा, लाळ गळतेय, दुपार कलली तरी बोट हलत नाही. मामांच्या वासाची मला किळस होती, पण या गप्प पोरांची त्याहून जास्त. घरची मात्र पुडी घेऊन रडत बसली.

मामांनी पुडी मागितली, हुंगली, आणि सगळ्या गोळ्या आपल्याच तोंडात टाकल्या.

"आबा, हे काय केलं ओ?" घरची ओरडली.

"कोकराला पाला घालायच्या आदी मी चावून बगतो. ही तर नात हाय माजी."

सकाळी दाराशी आडवे झाले ते दुसऱ्या दिवशी उन्हं आत आल्यावर हलले. पोर कानाशी टाहो फोडत होती, तरी हूं नाही. मी सारखा नाकाशी हात धरून बघत होतो. उठले ते कठड्याशी जाऊन ओकले. ते मलाच धुवावं लागलं. मग लेकीला म्हणाले, "बाये, ही झोप न्हवं. झोपंत मला माजी मेंढरं ऐकू येत्यात. काल कायबी ऐकू आलं न्हाय. लेकराला असलं निजवू नगंस."

"आन् काम?"

"तू जा. मी हाय की."

मग माझं उकळलेलं कापड बाजूला टाकून त्यांनी लेकीचं अंगावरचं लुगडं मागितलं, न धुतलेलं. दूध सांडून आंबलेलं, घामट. मी अडवलं. तेव्हा ऐन जेवताना त्यांनी मला सांगितलं, की आईविना कोकरू दुसऱ्या मेंढीला लावायचं तर तिच्या मेलेल्या पिल्लाचं कातडं त्याच्या अंगावर घालतात. मी घास खाली ठेवला. "जावईबापू," ते म्हणाले, "लेकरू डोळ्यानं न्हाय, नाकानं निजतंय. जेवा तुमी."

पोर त्या लुगड्यात निजली. रोज नाही. कधी नुसती कुरकुरायची, मग मामा तिला मांडीवर घेऊन कळप हाकल्यासारखं ओठांनी ब्रर्र करत बसत. थुंकी तिच्यावर, माझ्यावर, सगळीकडे. पण पुडी पुन्हा घरात आली नाही आणि घरचीची जागाही टिकली. त्या लुगड्याची मला आजही शिसारी येते, खोटं कशाला सांगू.

पोर रांगायला लागली आणि भावाचा सांगावा आला, कळपात रोग शिरलाय. मामा निघाले तेव्हा ती निजली होती. "उठवू का?" मी विचारलं.

"नगं."

करकर वाजणाऱ्या वहाणा हातात धरून ते जिना उतरले. मी खालपर्यंत सोडायला गेलो आणि म्हटलं, "आता कधी येणार, मामा?"

"ती चालाय लागली की."

ती चालायला लागली. पहिल्यांदा तिला घेऊन आम्ही त्यांच्या गावी गेलो, ते त्यांच्या दहाव्याला.