खोकल्याचं नाटक

माझी फजिती ऐकायची म्हणता, तर आधी चहा घ्या. हसत सांगायची असं दरवेळी ठरवते, पण मधेच कुठंतरी आवाज बसतो.

तीन आठवडे मला धड झोप नव्हती. काळजी एकच. ओवी, माझी पाच वर्षांची लेक, माझ्या कुशीत झोपते, अगदी तोंडाशी तोंड आणून. आणि मला खोकला होता.

तुम्ही म्हणाल, मग दाखवायचं की डॉक्टरला. बरोबर आहे. पण माझं काम काय, माहितीये? मी गावोगावच्या आशाताईंना क्षयरोग शिकवते! रुग्ण कसा ओळखायचा, थुंकी तपासायला कशी पाठवायची, घरच्यांना कसं जपायचं. दोन आठवड्यांच्या वर खोकला म्हणजे तपासणी, हे वाक्य मी झोपेतही म्हणेन. आणि स्वतः काय करत होते? ज्येष्ठमध चघळत होते. पुंडलिकनगरात आमच्या दारासमोर रस्ता खोदलाय, धुळीचा खोकला असणार, असं स्वतःला पटवत होते.

त्या दिवशी कन्नड तालुक्याला आशाताईंचं प्रशिक्षण होतं. सासूबाई गावाला, नवरा कंपनीत, म्हणून ओवीला सोबत नेलं. रंगखडू देऊन मागं खिडकीपाशी बसवलं. खिडकीपाशी मुद्दाम. हवा खेळती पाहिजे, हेही मीच शिकवते ना.

सकाळी लपवाछपवीवर बोलले. म्हटलं, ताई, लोक भीतीपोटी सांगत नाहीत. सुनेला तर वाटतं, कळलं की लेकरू आपल्यापासून तोडतील. मग ती काय काय कारणं देते, तेही फळ्यावर लिहिलं. अशा घरात वाद घालू नका, लेकराला जवळ घ्या, गोडीनं विचारा. लेकरू सांगतं.

सगळ्यांनी लिहून घेतलं. कडूबाईंनी तर खाली रेघ मारली. कडूबाई म्हणजे तिथल्याच घाटाजवळच्या एका वस्तीवरच्या आशाताई. केस पिकलेले, चष्मा दोऱ्यानं बांधलेला, बोलणं मोजकं.

दुपारी सराव होता. एक आशा, एक रुग्ण. रुग्ण व्हायला कुणी तयार होईना, म्हणून मीच झाले. समोर कडूबाई.

"खोकला कधीपासून हाय?"

"तीन आठवडे झाले."

"सांजच्याला ताप?"

"अंग कोमट लागतं."

"वजन उतरलं का?"

"कपडे सैल झालेत."

मनानं उत्तरं रचायची, एवढंच तर काम. पण मला एकही खोटं उत्तर सुचेना हो! त्यातच खोकल्याची उबळ आली, ती थांबेचना. बायांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी हुबेहूब केलं म्हणाल्या. आणि मी, काय सांगू, नटीसारखी मान झुकवली. डोळ्यांतलं पाणीसुद्धा अभिनयात खपून गेलं.

कडूबाईंनी टाळी वाजवली नाही. पिशवीतून थुंकीची डबी काढून माझ्यापुढं ठेवली.

"नाटक झालं ना, मॅडम? आता खरं सांगा."

मी हसले. म्हटलं, धुळीचा आहे. मग म्हटलं, ॲसिडिटीनं होतो कधी कधी. मग म्हटलं, आमच्या घरात कुणाला तसलं काही नाही. बाया माझ्याकडं बघतच नव्हत्या, माझ्या मागं बघत होत्या. वळून पाहिलं तर फळा. सकाळी मीच लिहिलेली कारणं, आणि मी ती त्याच क्रमानं म्हणून दाखवली होती.

कडूबाईंनी वाद घातला नाही. शिकवल्याप्रमाणं उठल्या, ओवीशेजारी जाऊन बसल्या, तिचं चित्र बघून लई भारी म्हणाल्या. मग हळूच विचारलं, "बाळा, मम्मी घरी खोकती का गं?"

मी लांबून डोळे मोठे केले. ओवीनं माझ्याकडं बघितलं, रंगखडू खाली ठेवला.

"खोकते ना. बाथरूममध्ये जाऊन, नळ सोडून. मग मी झोपेचं नाटक करते, म्हणजे तिला वाटतं कुणाला ऐकू गेलं नाही."