सोजरबाईचं राखेचं घर

सोजरबाईनं घर काढलं ते राखेनं. चुलीतली घमेलंभर राख घेतली आणि वावरातल्या उंचवट्यावर, निंबाच्या सावलीत, मुठीमुठीनं जमिनीवर भिंतींच्या रेघा सोडल्या. कागदावर काढलं असतं तर कागदावरच्या न्हाणीत बसून पाहता आलं असतं का? इथं ती बादली घेऊन खरोखर बसली, डोक्यावर पाणी घेतल्याचं सोंग केलं, तर तिचं कोपर भिंतीतून पार बाहेर गेलं.

"हात तुह्या! हे न्हाणी हाय का कोंबड्याचं खुराडं?" असं स्वतःलाच झापून तिनं पायानं रेघ पुसली आणि न्हाणी वाढवली. राखेच्या घराचं हे बरं असतं, मिस्तरीची मिनतवारी करावी लागत नाही.

नवरा भगवंतराव गेल्यावर पोरगा हर्षल तिला अनसिंगच्या शिवारातून उचलून वाशीमला घेऊन गेला होता. पोरगा वाईट नव्हता, फक्त त्याचं घर वाईट होतं. खाली गुळगुळीत टाइल, वर स्लॅब. उन्हाळ्यात स्लॅब असा तापायचा की वर भाकर टाकली असती तर फुगली असती. लाईट गेली की घरातली सारी माणसं घामानं चिप्प होऊन इन्व्हर्टरच्या तोंडाकडे बघत बसायची. संडास नेमका देवघराला चिकटून. "देवाले नाक नसते म्हून बरं," सोजरबाई म्हणायची, आणि सून समीक्षा तोंडाला पदर लावून हसायची. दिवसभर हाताला काम नाही, पायाला माती नाही. जन्मभर वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवून बाजारात विकलेली बाई सोफ्यावर बसून काय करणार? एक दिवस ती भडकलीच. "मले इथं काहून टांगून ठेवलं? मी का कॅलेंडर आहो?"

आणि पिशवी उचलून ती वावरात निघून आली. तिला इथंच, मळ्यात राहायचं होतं. तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या काटक्यांचा कुड, त्याला दोन्ही अंगांनी माती-शेणाचा जाड लेप, वर टिनं. टिनांवरचं पावसाचं पाणी टाकीत आणि न्हाणीचं पाणी सरळ वांग्यांना. विजेचे खांब शेजारच्या वावरापर्यंत येऊन थांबले होते ते कायमचे. "नाही येत लाईन त नको येऊ. मी का तिच्यासाठी मांडव घालून बसू?" छपरावर सोलरची एक पाटी, दोन बल्ब, एक मोबाईल, संपला विषय. आणि फ्रीज? "वांगं झाडावरच ताजं राहते. त्याले थंड कायले करू?"

अडचण एकच होती. वावर तिनं आपल्या हातानं हर्षलच्या नावावर करून दिलं होतं. त्याच्या होकाराशिवाय एक तुराटी उभी राहणार नव्हती, आणि हर्षल म्हणत होता, "लोकं थुकतीन माह्या तोंडावर. पोरानं मायले कुडाच्या खोपटात टाकलं म्हनतीन." आज तो मोटारसायकल घेऊन तिला परत न्यायलाच आला होता. सोजरबाईनं अट घातली. संध्याकाळपर्यंत या घरात राहून दाखवते. तरी तुला पटलं नाही, तर गुपचूप गाडीवर बसते आणि पुन्हा या घराचं नावही काढत नाही.

सकाळीच शेजारचे मारोतराव तंबाखू मागायला आले, ते थेट चुलीवरून.

"ओ मारोतराव! भिंतीतून काय येता? दार तिकडून हाय."

मारोतराव गडबडले, मागं फिरले, दारातून आले आणि दाराकडेच बोट दाखवून म्हणाले, "पन वहिनी, हे त दक्षिनेले हाय. इकून यम येते."

"येऊ द्या न. उन्हातानाचा येईन बिचारा, चहा पाजीन त्याले."

हर्षल मात्र मुद्दाम भिंती तुडवत हिंडत होता. न्हाणीतून चुलीवर, चुलीवरून अंगणात. "राख हाय हे, माय. घर नाही." दर वेळी सोजरबाई त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची, म्हणजे आपल्याच सासरच्यांचा, आणि पुसलेली रेघ पुन्हा ओढायची. तेवढ्यात समीक्षाचा फोन आला. "आई, खिडकी मोठी ठेवा बरं. अन् ह्यायचं काही ऐकू नका."

"तू कोनाच्या बाजूनं हाय?" हर्षल फोनवर ओरडला.

"जिकडं गरम होत नाही तिकडच्या," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दुपारी सोजरबाईनं चुलीच्या जागी तीन दगड मांडून भाकरी थापल्या. वांग्याची भाजी केली. मग राखेच्या खोलीत बाज टाकून खुशाल घोरली. निंबाखाली वारं होतं. हर्षलला बोलायला जागाच सापडत नव्हती, म्हणून तो घरातल्या उणिवा शोधत फिरत राहिला. दोनदा फिरला. मग बाजेजवळ येऊन थांबला.

"माय, उठ. मी आलो त मी कुठी झोपू?"

"अं?"

"एक बाज मावते इथं. तुही. माह्या घरात तुले अख्खी खोली देल्ली मी. तुह्या घरात मले बूड टेकाले जागा नाही?"

सोजरबाई बाजेवर उठून बसली. खोटं कशाला बोला, तिनं त्याच्यासाठी जागा सोडलीच नव्हती. पोरगा कुडाच्या घरात राहायला येईल हे तिच्या मनातच आलं नव्हतं. आपण त्याच्या घरात जशा बसायचो, तसा तो इथं अंग चोरून बसेल आणि निघून जाईल, असंच तिनं धरलं होतं. तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला.

हर्षल तिथून निघाला. ऊन उतरलं होतं. तो गाडीकडे गेला, तेव्हा सोजरबाई उठली आणि लुगडं झटकून पिशवी भरू लागली. ठरलं ते ठरलं. गाडी सुरू झाल्याचा आवाज मात्र आला नाही. तिनं मान वर केली.

हर्षल दारात उभा होता. राखेच्या दारात. समीक्षानं दिलेला शेवचिवड्याचा डबा त्याच्या हातात होता आणि चपला त्यानं उंबऱ्याच्या रेघेबाहेर काढून ठेवल्या होत्या.

"येऊ का व, माय?"

"थांब." तिनं घमेलं ओढलं, बाजेकडची भिंत पायानं पुसली आणि पुढं सरकून नवी ओढली. "आता ये."

तो आला, आणि नव्या जागेत मातीवर सरळ आडवा झाला. बापासारखा ताडमाड पोरगा. बापाचेही पाय जन्मभर बाजेबाहेर लोंबत राहिले होते.

"पाय बाहेर निंगून राह्यले, माय."

"मंग माह्या तोंडाकडं काय पाहतं?" सोजरबाईनं पदरानं नाक पुसलं आणि घमेलं त्याच्याकडे ढकललं. "घे राख. ओढ भिंत."

हर्षल उठून बसला. त्यानं मूठ भरली.