विणून राहिलो तोवर

बेसातल्या आमच्या इमारतीचा वॉचमन पूर्वी उमरेडला हातमागावर लुगडी विणायचा. माग विकला, पण हात स्वस्थ बसेनात. नव्या फ्रिजच्या खोक्यांवरच्या प्लास्टिक पट्ट्या जमवून तो फाटकाजवळ आपली खुर्ची विणायचा, काठाला रुईफूल काढायचा आणि पूर्ण झाली की सगळी उसवायचा. निवृत्तीनंतर मीही घरात नुसत्या येरझारा घालत होतो. एकदा न राहवून विचारलं, "इतकी सुंदर विणता, मग उसवता काहून?"

"बसाले नाही विणत, साहेब. विणून राहिलो तोवरच जीव ठिकाण्यावर राहते."

त्यानं एका पट्टीचं टोक माझ्या हाती दिलं. "धरा ताणून."

मी धरलं. दुपारी काठ पुरा झाला, तेव्हा माझ्याच तोंडून निघालं, "उसवायची का आता?"