सुभेदारांच्या समोरची खुर्ची

कृष्णात सुभेदार गप्प बसलेत, ही बातमी शिराळ्यात आमच्या आळीत आली तेव्हा कुणी खरी मानली नाही. घसा बसला असेल, दाढ काढली असेल, नाहीतर सरळ झटकाच आला असेल, असं म्हणत दोघंतिघं विचारपूस करायला गेले. कारण फौजेतून निवृत्त होऊन आल्यापासून हा माणूस परड्यात म्हशीला "सरक!" म्हणाला, तर रस्त्यानं जाणारी एसटी कडेला व्हायची.

झालं होतं ते असं. एका संस्थेनं घरगुती भांडणांसाठी समुपदेशन केंद्र काढलं आणि वजनदार माणूस हवा म्हणून सुभेदारांना बोलावलं. सुभेदारांचा हिशेब साधा होता. नवरा-बायकोला समोर उभं करायचं, दोघांना झापायचं आणि जेवायच्या वेळेला घरी यायचं. पण केंद्राच्या संयोगिता मॅडमनी आधी शिबिर घेतलं आणि पहिल्याच दिवशी सांगितलं, "इथं सल्ला द्यायचा नाही. ऐकायचं."

"आन मग भांडण मिटणार कसं?"

"ते समोरचा माणूस ठरवेल. आपण नाही."

सुभेदार हादरले. उभ्या नोकरीत असला हुकूम त्यांना कुणी दिला नव्हता. पण हुकूम म्हटल्यावर तो पाळायचा, हे अंगात भिनलेलं. त्यांनी ऐकण्याची कवायतच बसवली. नजर समोर, अंग किंचित पुढं, हात मोकळे, मान हलती. समोरचा रडला तर गप्प राहायचं. त्याचं बोलून झालं की तेच आपल्या शब्दांत परत सांगायचं आणि विचारायचं, बरोबर ऐकलं का? सुरुवातीला त्यांची मान अशी हलायची, की समोरचा नवरा घाबरून न केलेल्या गोष्टीही कबूल करायचा. पण हळूहळू जमलं.

"सुभेदारानं काय सांगितलं रं?"

"काय न्हाई. पण लय बरं वाटलं गड्या!"

असं लोक बोलायला लागले. मात्र केंद्राचं दार ओढून घरी निघाले की शिबिरही आतच राहायचं. त्यांच्या मंडळी, अंजनावहिनी, "आवं, ऐकलं का, त्या हौदाचं..." एवढंच म्हणायच्या. लगेच उत्तर यायचं, "सांगितलंय मी त्याला." कुणाला सांगितलं, काय सांगितलं, ते विचारायच्या आत सुभेदार चपला घालून बाहेर.

तर एके दिवशी केंद्रात पुढचा नंबर आत आला. सुभेदार मान खाली घालून चष्मा पुसत होते. सवयीनं म्हणाले, "बसा, ताई."

चष्मा चढवून वर बघतात, तर समोर अंजनावहिनी. हातात पिशवी, आणि चेहरा क्लायंटचा.

आता केंद्रातली गोष्ट मला कशी कळली, असं तुम्ही म्हणाल. बाहेर बोलायचं नाही हा नियम समुपदेशकाला असतो, क्लायंटला नसतो. वहिनींनी पुढं सगळ्या आळीला सांगितलं.

"तू? हितं? म्हस सुटली काय?"

"म्हस जाग्यावर हाय. मी नंबर लावून आलेय. आन ताई कुणाला म्हणताय?"

"अगं, घरच्या माणसाची केस मला घेता येत न्हाई. मॅडमकडं जा."

"मॅडमला सांगून काय करू? मॅडम ऐकत न्हाईत, अशी माझी तक्रारच न्हाई."

आवाज ऐकून मॅडम दारात आल्या होत्या. त्यांनी नियम ओठापर्यंत आणला, दोघांकडं बघितलं, नियम गिळला आणि दार बाहेरून ओढून घेतलं.

"मी चालले," वहिनी म्हणाल्या. "माहेरी, माणला, आईपाशी. ऱ्हायला."

सुभेदारांच्या तोंडात उत्तर तयार होतं. पण खुर्ची केंद्राची होती. ते पुढं झुकले. "म्हणजे तुझ्या आईला, हरणाबाईंना बरं न्हाई, तवा त्यांना हिकडं आणावं, असं तुझं म्हणणं. बरोबर ऐकलं का?"

"न्हाई. आई ठणठणीत हाय. शेरडांमागं पळतीय."

"म्हणजे तुझं भाऊ मुंबईला, त्या एकट्या, म्हणून तुला घोर..."

"न्हाई. परत सांगते. मी आईसाठी जात न्हाई."

"मग कशासाठी?"

हा प्रश्न सुभेदारांनी घरात कधी विचारला नव्हता. विचारला, आणि त्यांचं त्यांनाच दचकल्यासारखं झालं.

"तुमी फौजेत हुता," वहिनी म्हणाल्या. "सुट्टीला पावण्यासारखं यायचा. ऊस मी लावला. तोडीसाठी कारखान्यावर मी भांडले. सासूबाई बी मला इचारल्याबिगर काय करत नव्हत्या. तुमी रिटायर झाला, गावानं हार घातलं, मी बी नटले. दुसऱ्या दिशी गडी दारात आला. वैनी, पाणी कुटल्या सरीला सोडू, म्हणला. माझं तोंड उघडायच्या आत तुमी सांगितलं. तवापास्नं मला कुणी काय इचारलं न्हाई."

बायकोच्या डोक्यावरचं ओझं आपण उतरवलं, असं सुभेदार इतकी वर्षं अभिमानानं सांगत आले होते. आत्ताही तेच जिभेवर आलं. पण स्वतःची बाजू मांडायची नाही, हे शिबिरात घोकलेलं. त्यांचा तो प्रसिद्ध आवाज कसाबसा निघाला.

"म्हणजे... मी नव्हतो तवा घरात तू हुतीस. मी आलो, आन तू ऱ्हायलीच न्हाईस. बरोबर... ऐकलं का?"

वहिनींनी पदर तोंडाला लावला. पदराआडूनच म्हणाल्या, "व्हय."

सुभेदारांचा जीव भांड्यात पडला. ते उठलेच. "झालं तर! चल घरी. उद्यापास्नं पाण्याचं तू बघायचंस."

"बघा," वहिनी म्हणाल्या. "परत तुमीच ठरवलं."

सुभेदार मटकन खाली बसले. बरोबर ऐकलं की माणूस जायचा थांबतो, अशी त्यांची समजूत होती. शिबिरात तसं कुणी म्हटलं नव्हतं, पण त्यांनी ते धरूनच ठेवलं होतं.

"मग जाणार?"

"जाणार. पुढली तारीख द्या."

"कसली?"

"सगळ्यांस्नी देताय न्हवं? एका खेपंत कुणाचं मिटतंय व्हय? मी येईन माणवरनं."

सुभेदारांनी घाईनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं. "सोमवारी ये. सकाळी..." एवढं बोलून ते थांबले. बोट खाली घेतलं.

"तुला कवा जमतंय?"

"सांगते की," वहिनी म्हणाल्या. पिशवी मांडीवर घेऊन, आईचा बाजार, शेरडं, एसटीची वेळ असं एकेक आठवत त्या सावकाश विचार करायला लागल्या. सुभेदार समोर बसून राहिले, एक शब्दही न बोलता.