सुट्टी सांगायची असती

"सुट्टी मागायची नसती, सांगायची असती." रजेचा अर्ज भरता भरता ती हे सहज म्हणायची. अर्जावर छापलेलं 'विनंती आहे की' ती पेनानं खोडायची आणि वर गोल, शाळकरी अक्षरात लिहायची, 'कळवते की'. मग अर्ज माझ्या टेबलावर सरकवून साहेबांच्या खोलीकडे मान करायची. "द्या नेऊन. वाचतील."

आमचा कारखाना वाळूजला, गाड्यांचं वायरिंग बनवणारा. ती लाइनवर तपासणीला होती, मी ऑफिसात क्लार्क. कंपनीची बस फुलंब्रीहून निघायची. ती तिथं चढायची, मी हर्सूलला जेलच्या थांब्यावर. शेजारच्या सीटवर डब्याची पिशवी ठेवून ती माझी जागा धरायची. तिचं घर मेंढ्या राखणाऱ्यांचं. सासरे अजून कळप घेऊन फिरायचे, नवरा मिळेल ते काम करायचा, आणि दोन लेकरं जिल्हा परिषदेच्या शाळेत.

तुमच्याही ऑफिसात अशी एक बाई असेल. पुरुष तिला तोंडाळ म्हणतात, आणि बाकीच्या बायका तिच्या मागं उभ्या राहून आपलं काम करून घेतात. मी त्या बाकीच्यांपैकी होते.

माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. दिवसभर सासूबाईंकडे असायची. बरेचसे रविवार माझे ऑफिसातच जायचे, म्हणून शनिवारी मी गुलमंडीवरून काहीतरी घेऊन जायची. बोलणारी बाहुली, भातुकलीचा मोठा संच, रिमोटची गाडी. एका शनिवारी गुलमंडीला जायला वेळ नव्हता म्हणून वाळूजलाच घेतलेला खोका मी परतीच्या बसमध्ये मांडीवर घेऊन बसले होते.

"हे कशाचं?" तिनं विचारलं.

"पोरीसाठी. उद्या रविवारी यायचंय ना कामावर."

"म्हंजी दंड भरला व्हय."

मला राग आला. मी म्हटलं, तुमचं बरं आहे, तुमच्या गावात मुलं मातीचे बैल करून खेळतात, त्यांना काही विकत लागत नाही. ती खिडकीतून नजर न काढता म्हणाली, "मातीच्या बैलाचं कौतुक नका सांगू, ताई. दुसरं मिळत नव्हतं म्हणून खेळायचो. जत्रंत बाहुली बघून मी दिवसभर रडलेली हाय." मग थोड्या वेळानं, "खेळणी काय वाईट नसतेत. पण संगं खेळायला कुणी नसलं की ती लौकर मरतेत."

तिचा रविवार ठरलेला होता. सुट्टी म्हणजे आठवड्याभराचं साचलेलं घरकाम, हे तिनं मानलंच नाही. शनिवारी रात्रीच्या भाकरी आणि ठेचा, दुपारपर्यंत चूल बंद. त्या वेळात ती मुलांबरोबर जमिनीवर बसून खेळायची. सासूनं सुरुवातीला गावभर सांगितलं, सून लेकरासारखी खेळती. एकदा शेजारीण दारात येऊन म्हणाली, "काय गं, काम न्हाई का तुला?" तर ही म्हणाली, "हाय की. माझा डाव हाय. थांबा जरा." शेजारीण थांबली, आणि अर्ध्या तासानं स्वतःच खेळायला बसली. हे तिनं मला सांगितलं तेव्हा तिच्या डोळ्यांत जो आनंद होता, तसा मी पगारवाढीच्या दिवशीही कुणाच्या डोळ्यांत पाहिला नाही.

आणि ती मुलांना मुद्दाम जिंकू द्यायची नाही. "लेकरांना कळतंय, ताई. आपल्यासंगं कुणी खरं खेळतंय का नुसतं रमवतंय, ते बरोबर कळतंय."

मग ती दिवाळी आली. एक मोठी ऑर्डर अडली होती, म्हणून पाडवा आणि भाऊबीज दोन्ही दिवस लाइन चालू राहील अशी सूचना लागली. ती मीच टाईप केली होती. सूचनेखाली कामावर यावं लागणाऱ्यांची यादी, त्यात ऑफिसातून माझं नाव. बायका पाण्याच्या टाकीजवळ कुजबुजत राहिल्या. ती तडक साहेबांच्या खोलीत आली. मी यादी घेऊन तिथंच उभी होते.

"बदल होणार नाही," साहेब आधीच म्हणाले.

"बदल नगं. माझं नाव तेवढं काढा."

"सगळ्यांनी असं म्हटलं तर?"

"तर सगळ्यांचं काढा. दिवाळी त्यांचीबी हाय."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते वाईट नव्हते, त्यांच्यावरही वरून दाब होता. "हे बघा, लाइन लीडरसाठी तुमचं नाव मी वर पाठवलंय. आत्ता असं काही करू नका."

ती जागा तिला हवी होती. बसमध्ये कितीदा बोलली होती, लीडर झाले की मशीन अशी लावीन, नव्या पोरींना असं शिकवीन. मला वाटलं, आता नमेल.

"लीडर व्हायचंय मला, साहेब. खोटं कशाला बोलू," ती म्हणाली. "पण वरीसभर लेकरं माझी वाट बघतेत. हे दोन दिस मी त्यांना कबूल केलेत. ते मला कंपनीला देता येत नाय." मग माझ्याकडे वळून, "ताई, खोडा. आन तुमचंबी खोडा."

साहेब माझ्याकडे पाहत होते. मी तिचं नाव खोडलं. माझं तसंच ठेवलं.

भाऊबीजेच्या संध्याकाळी मी घरी आले ती एक नवा खोका घेऊनच. तोंड धुऊन मुलीजवळ बसले आणि म्हटलं, चल, आपण दोघी खेळू. तिनं खोका माझ्याकडे सरकवला. मग अगदी समजुतीच्या सुरात म्हणाली, "नको आई. तू फक्त उघडून दे."

मी खोका उघडून दिला. त्यानंतर घरी नवं खेळणं आलं नाही. आणि दर दुसऱ्या रविवारी मी येणार नाही, हे मी साहेबांना उभ्या उभ्याच सांगितलं.

लाइन लीडर दुसरीच झाली, हिनंच काम शिकवलेली एक मुलगी. ही तिच्या हाताखाली काम करत राहिली, कुठं शब्द नाही. मार्चमध्ये तिचा वर्षावर्षाचा करार पुढं वाढवायचा नाही असं ठरलं. ती ऑफिसात आली. साहेबांना म्हणाली, "कारण लिहून द्या."

"कारण असं काही नाही."

"मग तसंच लिहा."

साहेबांनी मला खूण केली, राहू द्या म्हणून. मी मात्र टायपिंगच्या मशीनवर बसले. तिच्या कामात सहा वर्षांत एकही त्रुटी आढळली नाही, करार न वाढवण्यामागं कामाशी संबंधित कोणतंही कारण नाही, असं टाईप केलं आणि कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. मग सही केली. तिनं घडी घालून तो ब्लाऊजमध्ये ठेवला आणि जाताना माझ्या खांद्यावर हात दाबला.

पुढं त्या कागदावर तिला वैजापूरला कापसाच्या एका जिनिंगमध्ये काम लागलं. नवऱ्यालाही तिथल्या मार्केट यार्डात मिळालं. त्यांनी बिऱ्हाड हलवायचा ठरवलेला दिवस माझ्या सुट्टीचा रविवार होता. मी मुलीला घेऊन त्यांच्या गावी गेले.

दारात टेम्पो भरून उभा होता. पत्र्याच्या पेट्या, गाद्या, सायकल, सगळं चढलेलं. आतल्या रिकाम्या खोलीत मधोमध कॅरम, आणि त्याभोवती ती आणि दोन्ही लेकरं. "चौथा भिडू पायजेच होता," माझ्या मुलीला ती म्हणाली आणि सरकून जागा केली.

टेम्पोवाला दारातून डोकावला. "आपा, चलो ना. धूप चढ रही."

"रुको भाई," तिनं मान वर केली नाही. "राणी बाकी हाय."

राणी तिनंच घेतली, कव्हरही केली. माझी मुलगी हरली, आणि पुन्हा खेळायचं म्हणून हटून बसली. तिचे दोन्ही गाल ओढत ती म्हणाली, "पुढल्या खेपंला हरव मला. वैजापूरला ये." मग हात पदराला पुसले, बोर्ड काखेत मारला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. टेम्पो वळला, धुरळा उडाला, आणि लेकरांचे हात थोडा वेळ दिसत राहिले.

आम्ही माझी पिशवी घ्यायला आत आलो. फरशीवर कॅरमची पावडर सांडून पांढरा चौकोन उमटला होता, मधली जागा कोरी. माझी मुलगी त्याच्या एका बाजूला मांडी घालून बसली.

"आई, तू समोर बस," ती म्हणाली.

मी बसले.