सख्ख्या भावाचा आवाज

प्रचाराच्या गाडीवरून वस्तीभर फिरणाऱ्या आवाजाचा मालक समोर आला की लोकांना खरं वाटत नसे. आवाज पहाडी आणि देह काडीसारखा. सगळे त्याला भोंगा म्हणत. झेरॉक्सच्या दुकानामागे, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या खोलीत तो जाहिराती वाचून रेकॉर्ड करी. येईल त्या पक्षाचं काम घ्यायचं, हा धंद्याचा नियम. वाचताना अर्थाकडे बघायचं नाही, हा त्याचा स्वतःचा. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, एवढ्या खुणा करायच्या आणि कागद वाचून मोकळं व्हायचं. अर्थ लागला की जीभ अडखळते, म्हणे.

त्या निवडणुकीत त्याची धाकटी बहीण उभी राहिली, दवाखान्यातली नर्सची नोकरी सोडून. दवाखाना संध्याकाळीही उघडा हवा, गटारांवर झाकणं हवीत, एवढंच तिचं म्हणणं. तिची जाहिरात त्याने फुकट वाचली. गाडी फिरली, कोणी मान वर केली नाही. झाकणांसाठी टाळ्या कोण पिटणार?

मग समोरच्या उमेदवाराचा माणूस कागद घेऊन आला. भोंग्याने खुणा केल्या, वाचलं, चहा प्यायला. दुसऱ्या दिवशी दाढी करताना खिडकीखालून गाडी गेली, तेव्हा कुठे त्याला ऐकू आलं: दवाखान्यातली औषधं विकून बंगला कोणी बांधला, त्या नर्सबाईंना विचारा. त्याने उरलेली दाढी उरकली.

बाई भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होत्या. पण लोकांना पुरावाच मिळाला. सख्खा भाऊ गल्लोगल्ली ओरडून सांगतोय म्हटल्यावर खोटं कसं असेल? नळावर, सलूनमध्ये, दवाखान्याच्या रांगेत, सगळीकडे हेच. याच वस्तीत माझंही घर; मला चीड आली ती या लोकांची. भोंग्याची नीटशी आलीच नाही.

तो गाडी थांबवायला गेला, तर काम झालंय, तुमचा संबंध संपला, असं उत्तर मिळालं. मग तो बहिणीकडे गेला. सगळं खोटं आहे असं मीच वाचतो, म्हणाला. ती भाजी निवडत होती.

"दादा, ते वाचताना तुला काही वाटलं होतं का रे?"

त्याने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं.

"नाही."

"मग राहू दे," म्हणत ती भाजी धुवायला उठली.

निवडणुकीत ती सपशेल पडली. निवडून आलेल्याच्या आभाराची जाहिरात भोंग्यानेच वाचली. एकदाही अडखळला नाही.